दाराला धाकटी आवडली

१

जुन्या धक्क्याची फेरी निघायची ती बंद पडलेल्या क्रेनच्या पायथ्यापासून. थोरली तिथे सगळ्यांच्या आधी येऊन उभी असायची. हातात मिटलेली छत्री, ऊन असो नसो. गर्दीत लोकांना वर धरलेली छत्री दिसते, माणूस दिसत नाही, असं ती म्हणायची. तिच्या बोलण्यात असले चिमटे पुष्कळ, आणि निम्मे स्वतःच्याच नशिबाला काढलेले.

फेरीला येणारी माणसं म्हणजे सुट्टीवर आलेली जोडपी, गळ्यात कॅमेरा अडकवलेले पेन्शनर, कधी एखादी शाळेची बाई. थोरली त्यांना आधी वखारी दाखवायची. वरच्या खिडकीतून बाहेर आलेलं लाकूड, त्याला गंजलेली कप्पी, त्यावरून माल कसा वर चढायचा ते सांगायची. मग दोरखंड वळणाऱ्यांची सरळसोट गल्ली, मग वजनघर, मग जकातीची कमान. आणि सगळ्यात शेवटी, पाण्याच्या अगदी कडेला, दलालाचं घर.

घर अरुंद, चार मजली, एका खांद्याने जरा खाली झुकलेलं. चिखलात लाकडी खांब ठोकून त्यावर बांधलेलं, त्यामुळे शंभर वर्षांत एक कूस खचली होती. तळाशी वखार, वर कचेरी, त्यावर राहायच्या खोल्या, आणि अगदी वर टेहळणीची खोली. तिथल्या खिडकीत बसून घरचं कोणीतरी गलबतांची वाट बघायचं. खोलीत एक खुर्ची सोडून आता काही नव्हतं.

या घरापाशी एक रीत होती. थोरलीला हे काम ज्या म्हाताऱ्याने शिकवलं त्याला सगळे कप्तान म्हणायचे. पलीकडच्या काठाला जाणारी साधी होडी हलली तरी याच्या पोटात ढवळायचं, पण नाव कप्तान. तो सांगून गेला होता, की या दाराला सरळ किल्ली लावायची नाही. आधी वाजवायचं. जरा थांबायचं. मग किल्ली. आणि ज्याने वाजवलं त्यानेच पहिलं आत जायचं. "आपण पाहुणे," म्हणायचा, "पाहुण्याने पाहुण्यासारखं वागावं."

लोकांना हे फार आवडायचं. रिकाम्या घराचं दार वाजवून गंभीर चेहऱ्याने उभी राहिलेली बाई बघून सगळे हसायचे. थोरली बोटांच्या पेरांनी तीनदा वाजवायची, सावकाश, सरकारी शिपायासारखी. थांबायची. आतून अर्थातच काही यायचं नाही. मग ती किल्ली फिरवायची. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

फेरीच्या मागच्या टोकाला धाकटी असायची. कोणी मागे राहिलं तर त्याला पुढे काढायचं आणि शेवटी दार लावून घ्यायचं, एवढंच तिचं काम. ते काम तिला मिळवून दिलं होतं थोरलीने. धाकटीचा संसार मोडला, ती एक बॅग घेऊन आईकडे परत आली, तेव्हा या फेऱ्या चालवणाऱ्या संस्थेच्या सेक्रेटरीसमोर शब्द टाकला तो हिनेच. आता असं बघा, माणूस बहिणीसाठी मनापासून करतो, आणि करता करता त्याच्या पोटात दुखतही असतं. दोन्ही खरं असतं. थोरलीचं लहानपणापासून तसंच होतं. हिने घर झाडायचं आणि आईने म्हणायचं, धाकटी घरात असली की घर कसं हसतं.

२

एकदा थोरलीचा घसा बसला. सर्दीने बसला, बाकी काही नाही. सकाळी तोंड उघडलं तर आवाजाच्या जागी नुसती फुसफुस.

"आज तू पुढे हो," ती धाकटीला म्हणाली. "पाठ आहे ना सगळं?"

"पाठ आहे गं. पण माझ्या पद्धतीने सांगू?"

"सांग. लोकांना काय, त्यांनी पैसे भरलेले असतात."

धाकटीने आपल्या पद्धतीने सांगितलं. म्हणजे अर्धं खरं, अर्धं जागच्या जागी रचलेलं. वजनघरात तिने एका पेन्शनर काकांना तराजूच्या पारड्यात बसवलं. लोक हसले, टाळ्या वाजल्या. थोरली मागून दारं लावत चालत होती, आणि तिला कळत होतं की या फेरीत एकही माणूस मागे रेंगाळत नाहीये. तिच्या फेरीत निम्मे रेंगाळायचे.

दलालाच्या घरापाशी धाकटीने दार वाजवलं. तिची वाजवण्याची तऱ्हा निराळी. दोनदा भरभर, मग तळहाताची एक हलकी थाप, आणि गळा जरा लांबवून, शेजारणीकडे विरजण मागायला गेल्यासारखं, "येऊ का?"

लोक हसले. आणि त्या हसण्याच्या खालून थोरलीला स्पष्ट ऐकू आलं, वर कुठेतरी खुर्ची सरकली.

बसलेलं माणूस उठताना खुर्ची मागे सरकवतं, तसा आवाज. लाकडावर लाकूड, आणि मग शांत. तिने वर बघितलं. टेहळणीच्या खोलीची खिडकी बंद होती.

उंदीर, ती मनात म्हणाली. नाहीतर भरती. भरतीचं पाणी खालच्या खांबांना ढकलतं, घर कुरकुरतं, हे तिने स्वतः हजार लोकांना सांगितलं होतं.

सगळे वर पोचले तेव्हा ती शेवटची खोलीत आली. खुर्ची खिडकीपासून हातभर मागे होती, आणि जराशी दाराकडे वळलेली. कालच्या फेरीनंतर तिने स्वतः ती खिडकीला टेकवून ठेवली होती. रोज ठेवायची. तिने ती पुन्हा खिडकीला टेकवली.

३

संध्याकाळी जेवताना धाकटी आईला फेरीची नक्कल करून दाखवत होती. पारड्यातले काका, त्यांची घाबरलेली बायको, सगळं. आई हसून हसून डोळे पुसत होती. थोरली आपली गरम पाण्याचे घोट घेत बसली होती. आईने तिच्याकडे बघून एवढंच म्हटलं, "तू बोलू नकोस हं, घशाला त्रास होईल." चांगल्याच भावनेने म्हटलं असणार. पण लागायचं ते लागलंच.

भांडी आवरताना थोरलीने विचारलं, "तुला त्या घरापाशी काही ऐकू आलं का?"

"खुर्चीचं ना?" धाकटी सहज म्हणाली. "मला वाटलं तूच कोणाला तरी वर बसवून ठेवलंयस. गंमत म्हणून."

"मी कशाला बसवू?"

"मग कोण होतं?"

"उंदीर असतील," थोरली म्हणाली.

"एवढा मोठा उंदीर?" धाकटी हसली, आणि विसरूनही गेली. तिला विसरायला वेळ लागत नसे. थोरली मात्र रात्रभर तो आवाज मनात घोळवत राहिली. त्यात भीती होती, नाही कशाला म्हणा. पण भीतीच्या बुडाशी आणखी काहीतरी होतं आणि ते तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. मी इतकी वर्षं वाजवते, ती स्वतःशी म्हणाली. इतक्या वर्षांत माझ्यासाठी कोणी खुर्ची सरकवली नाही.

४

घसा सुटला. थोरली पुन्हा पुढे झाली. दलालाच्या घरापाशी तिने तीनदा वाजवलं आणि एरवीपेक्षा जास्त थांबली. लोक चुळबुळायला लागले. आत काही नाही. ती किल्ली फिरवून आत गेली. वर खुर्ची खिडकीला चिकटून होती, तिने ठेवली होती तशीच.

मग सेक्रेटरीने निरोप दिला. सेक्रेटरी म्हणजे उंटावरचा शहाणा, धक्क्यावर वर्षातून एकदा यायचा. पण लोक धाकटीचं विचारतात, तर दोघींनी आलटून पालटून पुढे व्हावं, असं त्याचं मत पडलं. थोरलीने "बरं" म्हटलं.

धाकटीच्या खेपेला खुर्ची सरकली आणि पाऊल वाजलं. एकच. पुढच्या खेपेला वरच्या जिन्यावर चार-पाच. कोणीतरी उतरायला निघालंय आणि मध्येच थांबलंय, बाहेरून दार वाजवणारं माणूस अजून उभं आहे का याचा कानोसा घेतंय, अशी ती पावलं. मग किल्ली फिरायची आणि सगळं गप्प व्हायचं. आत शिरल्यावर जिना रिकामा. लोकांच्या बडबडीत कोणाला पत्ता नसायचा. थोरलीला कळायचं, कारण ती कान देऊन उभी असायची. धाकटीला कळायचं, कारण ती दाराला चिकटून उभी असायची.

थोरलीच्या खेपेला काही नाही. एकदा नाही, दोनदा नाही, कधीच नाही.

बंदराच्या कचेरीबाहेर एक फळा असतो, त्यावर भरती-ओहोटीच्या वेळा लिहितात. थोरली तो रोज बघायला लागली. भरती असली पाहिजे, तिची मनोमन विनवणी असायची, भरती असली म्हणजे प्रश्न मिटला. पण धाकटी भर ओहोटीत वाजवायची, खालचा चिखल उघडा पडलेला असायचा, आणि तरी पावलं उतरायची. थोरली ऐन भरतीत वाजवायची, पाणी खांबांवर थपथप आपटायचं, आणि घर मुकं. बुद्धीला जेवढं सुचत होतं तेवढं तिने करून बघितलं. गणित एकच जमत होतं, धाकटी.

५

एका दुपारी, फेरी नसताना, थोरली एकटी त्या घराकडे गेली. धक्क्यावर ऊन रणरणत होतं. दोन माणसं बोट उलटी टाकून डांबर फासत होती, त्यांनी तिला ओळखून मान हलवली.

तिने वाजवलं. थांबली. मग आत गेली.

वखारीतला गारवा तिच्या पायाला लागला. जुन्या गोणपाटाचा वास होता, नेहमीचा. कचेरीत नेहमीचा उजेड. ती जिना चढायला लागली आणि सवयीने कठड्याला हात लावला, तर हाताला धूळ. फेरीतल्या लोकांना तिने कठडा धरायची बंदी घातलेली, लाकूड जुनं म्हणून, आणि तिचं सगळे ऐकायचे. ती राहायच्या खोल्यांपर्यंत चढली, तिथून वर निघाली, आणि थबकली.

तिथून पुढे कठड्यावर धूळ नव्हती. वरून खालपर्यंत, म्हणजे टेहळणीच्या खोलीपासून या वळणापर्यंत, कोणाचा तरी तळहात घासत आला होता आणि इथे थांबला होता. परवा पावलं जिथे थांबली तीच ही जागा.

इथे थोरलीने पळून यायला हवं होतं. तुम्ही आम्ही पळालो असतो. पण ती उभी राहिली आणि त्या स्वच्छ लाकडाकडे बघत राहिली. आपल्या बहिणीला भेटायला कोणीतरी इतक्या सावकाश, इतक्या अदबीने पायऱ्या उतरतंय, हे बघून तिच्या जिवाची काहिली झाली. धाकटीच्या लग्नात वरमाला घातली जाताना झाली होती तशीच. तेव्हाही तिला माहीत होतं की हे स्थळ काही धड नाही. तरीही तेव्हा वाटलं होतं, मला का नाही?

ती वर गेली. खुर्चीवर बसली. खिडकी उघडून बाहेर बघितलं, पाणी, बोटी, बोटीवर बसलेले पक्षी.

"मी इतकी वर्षं येतेय," ती मोठ्याने म्हणाली. स्वतःच्याच आवाजाची तिला लाज वाटली, पण सुरुवात केल्यावर थांबवेना. "तिच्या आधीपासून. तुमची खोली मी झाडते. तुमची खिडकी मी पुसते. तिला तर इथल्या पायऱ्या किती तेही धड माहीत नाही."

घर ऐकत होतं का, कोण जाणे. न बोलावता पंगतीत येऊन बसलेल्या माणसाकडे यजमान बघत नाही, वाढणाराही पुढे निघून जातो, तशी ती तिथे ताटकळत बसली. ऊन खिडकीतून खोलीभर सरकलं. शेवटी ती उठली, खुर्ची खिडकीला टेकवली आणि खाली उतरली. उतरताना तिने उरलेल्या कठड्यावरची धूळ पदराने तळापर्यंत पुसून काढली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

६

वर्षातून एकदा मोठी फेरी निघते. शहरातले बडे लोक, पाहुणे, फोटोवाले, सगळे येतात. ती फेरी आजवर थोरलीची. त्या दिवसासाठी ती नवी चप्पल घ्यायची आणि आधी आठवडाभर घरात चालून पायात बसवायची. वर्षभर कुणी विचारो न विचारो, त्या एका दिवशी सगळं गाव तिच्या छत्रीमागून चालायचं. तिचं म्हणून जगात जे काही होतं ते एवढंच.

या वर्षी सेक्रेटरीने धाकटीला पुढे व्हायला सांगितलं.

आईला आनंद झाला. मग आईने थोरलीचा चेहरा बघितला आणि आनंद जरा झाकला. "तू मागून सांभाळून घे हो तिला," म्हणाली. "तुझ्याशिवाय तिला कुठे जमणार?" असल्या समजुतीच्या गोष्टींनी थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली.

धाकटी मात्र तिच्या मागोमाग गच्चीवर आली.

"ताई, मी नाही म्हणून सांगते सेक्रेटरींना. ही तुझी फेरी आहे."

"नको उपकार करूस."

"उपकार नाही गं." धाकटीने दोरीवरचा एक वाळलेला टॉवेल काढला आणि नुसताच हातात धरून उभी राहिली. "मला त्या घराची भीती वाटते. तुलाही ऐकू येतं ना ते? खरं सांग."

थोरलीने दोरीवरचा पुढचा कपडा ओढून काढला.

"काल ते दारापर्यंत आलं होतं. अगदी दारामागे. मी किल्ली फिरवायच्या आधी मला श्वास ऐकू आला. आणि ताई, ते रागावलेलं नव्हतं. तेच फार वाईट वाटलं मला. खूप दिवस वाट बघून कोणी भेटलं ना, की माणूस कसं जरा दम लागून उभं राहतं, तसं." तिने टॉवेलची घडी घातली आणि पुन्हा मोडली. "बाकी सगळी फेरी मी करते. तेवढ्या घरापुरतं तू पुढे हो. तुझ्यापुढे काही येत नाही ना. तू वाजवलंस की काही होत नाही."

ती हे पूर्ण विश्वासाने म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. पण थोरलीला कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. तुझ्यापुढे काही येत नाही.

"बरं," ती म्हणाली. "मी होईन पुढे."

७

मोठ्या फेरीच्या दिवशी सकाळी घर उघडून हवा खेळवायची, वखार झाडायची, हे काम दोघी बहिणी मिळून करायच्या. पाहुणे यायला बराच वेळ असतो. थोरली त्या दिवशी धाकटीला न सांगता आधी निघाली. धक्क्यावर नुकतं उजाडून ऊन पडलं होतं. मासळीच्या टोपल्या धुतल्याचं पाणी दगडांवरून वाहत होतं. डांबर फासणारे अजून आले नव्हते.

ती दारासमोर उभी राहिली. आठवडाभर घरात चालूनही नवी चप्पल बोटांना चावत होती.

तिने दोनदा भरभर वाजवलं. मग तळहाताची हलकी थाप. मग गळा लांबवून, धाकटीच्या आवाजात, "येऊ का?" बहिणींचे आवाज सारखेच असतात. फोनवर आईलाही फरक कळत नसे.

वर खुर्ची सरकली.

थोरलीच्या छातीत असं काही भरून आलं, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पावलं निघाली. आज ती थांबत नव्हती. वरचा जिना, वळण, राहायच्या खोल्या, कचेरी, सरळ खाली. कठड्यावरून तळहात घासत येत असल्याचा आवाजही तिला ऐकू आला. ते वखारीच्या फरशीवर उतरलं आणि दारापाशी आलं. मग तो श्वास. धाकटीने सांगितला होता तसा, दमलेला, आणि खूश.

कुलूप बाहेरून होतं. किल्ली तिच्या मुठीत होती. तरी दार आतून उघडलं, हातभर.

आत अंधार होता आणि दाराच्या कडेवर एक हात होता. नुसता हात, मनगटापर्यंत. स्वच्छ, नखं कापलेली, म्हाताऱ्या माणसाचा म्हणावा तर कातडी कोवळी होती. त्याच्या वर, जिथे चेहरा असायला हवा त्याच्या पुष्कळ वर, काहीतरी वाकलं. बुटक्या दारातून बाहेर बघायला उंच माणूस वाकतो तसं. थोरलीला तिथे फक्त एवढंच दिसलं, की ते बघतंय.

त्याने तिच्याकडे बघितलं. आणि मग तिच्या खांद्यावरून पलीकडे, तिच्या मागे बघितलं. दारात भलताच पाहुणा आला, की यजमान ज्याची वाट बघत असतो त्याला शोधायला मागे नजर टाकतो ना, अगदी तसं. धक्क्यावर मागे कोणी नव्हतं. ते जरा वेळ थांबलं. मग दार अगदी हळू लोटलं गेलं. राग नाही, धसमुसळेपणा नाही. कोणाला वाईट वाटू नये म्हणून लावतात तसं लागलं.

थोरली तिथेच उभी राहिली. तिला वाटलं आपण ओरडावं, आणि तिला कळलं की आपल्याला ओरडायचंय ते भीतीने नव्हे. संतापाने तिने किल्ली मुठीत आवळली. चोरलेल्या आवाजाला ते भुललं, पण एका नजरेत ओळखलं त्याने. आणि आईसारखंच तेही तिच्या पलीकडे धाकटीला शोधत होतं.

८

"ताई, अगं सांगून तरी यायचं." धाकटी धक्क्यावरून भराभर येत होती, काखेत झाडू, हातात बादली. ती जवळ आली आणि तिने थोरलीचा चेहरा बघितला. "काय झालं? वाजवलंस तू?"

"वाजवलं," थोरली म्हणाली.

"मग?"

आता इथे दोन शब्द पुरे होते. चल इथून. एवढंच. थोरलीच्या जिभेवर ते आलेही होते. धाकटी घाईत बटणं चुकीची लावून आली होती, अगदी लहानपणी शाळेत जाताना लावायची तशी, आणि थोरलीचा हात सवयीने ती नीट करायला उचललाही गेला. पण त्याच वेळी दारामागे फरशीवर पाऊल हललं. बाहेर धाकटीचा आवाज ऐकून कोणीतरी लगबगीने परत दाराशी आलं होतं. माझ्यासाठी नाही. तिचा हात खाली आला.

"काही नाही," थोरली म्हणाली. "कोणी नाही आत. उगाच घाबरतेस. वाजवून बघ, म्हणजे तुझ्या मनातली भीती जाईल."

"नक्की?"

"मी आहे ना इथे."

धाकटीने बादली खाली ठेवली. बहिणीकडे बघून जरा ओशाळं हसली, आणि दार वाजवलं. तिला दुसऱ्यांदा वाजवावंच लागलं नाही. दार सताड उघडलं.

आत काय होतं ते थोरलीला दिसलं नाही, मध्ये धाकटीची पाठ होती. धाकटी ओरडली नाही. "अगं बाई," एवढंच म्हणाली, हळू, कोणी अचानक फार जवळ यावं तसं. तिचा उजवा हात मागे आला, चाचपडत, बहिणीचा हात शोधत. थोरलीच्या हातापासून तो वीतभर होता. थोरलीने तो बघितला. मग तो हात पुढे ओढला गेला, आणि दार लागलं.

धक्का होता तसाच होता. पाण्यावर बोटी हलत होत्या. झाडू उंबऱ्याबाहेर आडवा पडला होता.

किल्ली थोरलीच्या मुठीतच होती. एकदा फिरवायची, की दार उघडणार. ती कुलपाशी वाकली, किल्ली लावलीही. आणि आतून बोलण्याचा आवाज यायला लागला.

आधी धाकटी रडतेय असं वाटलं. मग नाही, ती बोलत होती. मध्येच कोणीतरी उत्तर देत होतं, फार खालच्या आवाजात, आणि ती ऐकून घेत होती. दार जाड, शब्द कळत नव्हते. थोरलीने किल्ली तशीच धरली आणि कान दाराला लावला. आता उघडते, ती स्वतःला म्हणाली. काय बोलतात तेवढं ऐकून घेते, आणि उघडते.

आत कोणीतरी काहीतरी विचारलं. धाकटी थोडी थांबली आणि मग हसली. घाबरलेलं हसू होतं, तरी हसूच होतं, आई ऐकून डोळे पुसायची ते. माझ्याबद्दल विचारलं असेल, थोरलीला वाटलं. दाराबाहेर कोण उभं आहे, असं विचारलं असेल. ती सांगत असेल, माझी बहीण, हे काम तिनेच मला दिलं. तिने डोळे मिटून घेतले, म्हणजे नीट ऐकू येईल.

पावलं जिन्याकडे वळली. दोघांची. कचेरी, राहायच्या खोल्या, वळण. वर जाता जाता बोलणं बारीक बारीक होत गेलं, आणि मधूनच एखादा शब्द सुटा ऐकू यायला लागला. खिडकी. पाणी. हो. मग पुन्हा, हो.

ऊन वर चढलं, दूर क्रेनच्या पायथ्याशी फेरीसाठी जमणाऱ्या लोकांचा गलका यायला लागला. थोरली कान देऊन उभी होती, दाराला गाल टेकवून, वरची खोली गाठेपर्यंत, आणि त्यानंतरही. त्या सगळ्या बोलण्यात ताई हा शब्द एकदाही आला नाही.